खोटा दाणा

रंगनाथ आप्पांना बसता येत नसे. गुडघ्यांची तक्रार नव्हती, स्वभावातच ती सोय नव्हती. लग्नाच्या पंगतीत ते मुद्दाम वाढपी व्हायचे, म्हणजे टेकायला नको. एसटीत निम्म्या सीट रिकाम्या असल्या तरी ड्रायव्हरमागच्या दांड्याला धरून उभे राहायचे आणि खुटबाव ते दौंड त्याला "आता टाका गिअर, टाका" असं सांगत राहायचे. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या, "आमच्या लग्नात बी ह्ये नीट बसलं न्हाईत. भटजी म्हनलं, नवरदेव, जरा टेका. तर ह्येंचं आपलं उकिडवंच. सगळ्या फोटूत पळून जायच्या बेतात असल्यावानी दिसत्यात."

अशा माणसाला नोकरीही उभ्याची मिळाली. आप्पा आमच्या साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून त्याचा पाक करतात आणि तो पाक पॅन नावाच्या, घराएवढ्या उंच बंद कढईत शिजवून त्यात साखरेचा दाणा धरवतात. दाणा धरला का, किती वाढला, कुठं थांबायचं, हे ठरवतो तो पॅनमन. कारखाना आपल्यामुळे चालतो असं बॉयलरवाल्यांना वाटतं, संचालकांना तर वाटतंच वाटतं. पण साखर होते ती पॅनमनच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात. पॅनच्या पोटातून कांडीनं चिमूटभर पाक काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा, मग बोटांत चोळायचा. दिवसातून शंभरदा. आप्पांची ती दोन बोटं कामावर नसतानाही चोळत असायची. बोलताना, चालताना, मयतीला गेले तरी. आणि शर्टाच्या खिशात कंगव्याच्या जागी ती काचेची पट्टी.

मी तिथं केमिस्ट म्हणून रुजू झालो. घर शिरूरला, नोकरी दौंड तालुक्यात, एम.एस्सी.ची पदवी ताजी, आणि डोक्यात जी हवा होती ती मोजायला कारखान्यात यंत्र नव्हतं. पॅनच्या मजल्यावर एक लोखंडी स्टूल होतं. पहिल्याच दिवशी मी त्यावर बसलो.

आप्पा दोन चकरा मारून माझ्यासमोर थांबले. "सायेब, ऊन लागलं का?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही हो."

"मग बसलाय कशापायी?"

मी उठलो नाही. साहेब होतो ना!

पाक घाईनं शिजवला की आधी धरलेल्या दाण्यांच्या मधे नवे, धुळीसारखे बारीक दाणे उपजतात. त्याला खोटा दाणा म्हणतात. वेळीच दिसला तर पॅनमधे पाणी सोडून तो विरघळवता येतो. राहिला, तर पुढं साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्रात सगळा माल चिखलासारखा बसतो. माझ्या पहिल्याच आठवड्यात आप्पांनी पट्टी दिव्यासमोर धरली, बोटं चोळली आणि म्हणाले, "खोटा दाणा आलाय. पाणी मारू."

मी माझ्या यंत्रात पाहिलं. आकडा उत्तम होता. "काही खोटाबिटा नाही. पाणी सोडायचं नाही."

"सायेब, यंत्रात नसंल. पॅनात हाय."

"माझ्या सहीशिवाय नाही."

आप्पांनी वाद घातला नाही. ते फक्त चालू लागले. पॅनपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून पॅनपर्यंत. मधे एकदा थांबून म्हणाले, "तो थांबत नसतो बरं का. आपुन बघत बसलो की तो खऱ्याच्या बरूबरीनं वाढतो. मग पाणी मारलं तर खरा बी जातो."

मी सही केली नाही. दुपारपर्यंत खालची यंत्रं तुंबली. खालून माणसं वर आली, त्यांच्यामागून चीफ केमिस्ट आले. मी स्टुलावर बसून यंत्रातला आकडा पाहत होतो, जणू तो बदलून मला वाचवणार होता. आप्पा पुढं झाले. "आज रसच वंगाळ आलाय सायेब. शिळा ऊस दिसतोय." चीफ साहेब ऊसवाल्यांना शिव्या घालत उतरले.

माझं नाव आप्पांनी कधीच कुठं घेतलं नाही. फक्त तेव्हापासून काहीही पाहिलं की ते पट्टी माझ्याकडे करायचे. "बघा सायेब. काय दिसतंय?" मी ठोकून द्यायचो, "चांगला आहे." ते नुसतं "व्हय" म्हणायचे. त्या 'व्हय'मधे माझ्या पदवीची किंमत असायची. अनेक हंगाम गेले, मला खोटा दाणा दिसायला तयार नव्हता.

मग आप्पांच्या मांडीत गाठ आली. लिंबाएवढी होती तेव्हा ते म्हणाले, पॅनच्या कठड्याला टेकून टेकून आली. पेरूएवढी झाली तेव्हा त्यांच्या लेकीनं, जी शिरूरला दिली होती, त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जाणते होते. त्यांनी तुकडा काढून तिथल्याच लॅबमधे तपासायला दिला. रिपोर्ट आला तो लायोमायोसारकोमा. स्नायूतला कॅन्सर, क्वचित कुणाला होणारा. मी ते नाव तीनदा वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "येवढं लांब नाव? घराणं मोठं दिसतंय."

पुण्याला ऑपरेशन झालं, मांडीला किरणांचे शेक दिले, आप्पा हंगामाला परत उभे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हा आजार परतला तर बहुतेक वेळा फुप्फुसात येतो, म्हणून अधूनमधून छातीचा स्कॅन. दोन वर्षं स्कॅन कोरे आले. तिसऱ्या वर्षी, हंगाम संपता संपता, मी आणि सुमनकाकू आप्पांबरोबर पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. छातीचं ऑपरेशन करणाऱ्या बाई होत्या. बारीक चणीच्या, चाळिशीच्या, बोलताना हात टेबलावर शांत ठेवणाऱ्या. त्या काही बोलायच्या आतच आप्पांनी स्कॅनची फिल्म उचलली, ट्यूबलाइटखाली गेले आणि तिरकी धरली. पट्टी धरायचे तशीच. डोळा बारीक. बोटं चोळायला लागली.

"उजवीकडं चार. डावीकडं दोन," ते म्हणाले.

बाई चकित. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. खोटा दाणा हाय. पाणी मारावं लागंल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साखर कशी होते ते सांगितलं, अर्थात स्वतःचा पराक्रम वगळून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. आमच्याकडे पाणी नाही, सुरी आहे. मांडीची जागा स्वच्छ आहे, फुप्फुसांशिवाय दुसरीकडे कुठं काही नाही, ठिपके थोडे आहेत आणि सावकाश वाढतायत. म्हणून काढण्यात अर्थ आहे. एकेक ठिपका भोवतीच्या थोड्या भागासकट कापून घ्यायचा, बाकी फुप्फुस जपायचं. आधी उजवी बाजू. महिना-दीड महिन्यानं डावी. याच्यानं कायमचं बरं होईल असं मी म्हणणार नाही. पण या आजारात औषधापेक्षा यावर माझा जास्त भरवसा आहे."

तारीख ठरली. फक्त एक अट होती. आजार असा क्वचितचा, छाती उघडायच्या आधी त्यांना मूळ गाठीचा तुकडा त्यांच्याकडे पुन्हा तपासायचा होता. तो तुकडा शिरूरच्या लॅबमधे मेणाच्या छोट्या ठोकळ्यात घालून ठेवलेला असतो. तो आणून द्यायचा.

"मी आणतो!" मी म्हणालो. माझं घर शिरूरला, गाडी दारात, पदवी रसायनशास्त्राची. मेणाच्या ठोकळ्याला याहून लायक माणूस मिळाला नसता.

एप्रिलचा महिना. शिरूरच्या लॅबमधून मी पाकीट घेतलं. आत दोन ठोकळे, आगपेटीपेक्षा लहान, पांढरे. पुढच्या कप्प्यात ठेवावे तर तिथं माझं उसाचा गोडवा मोजायचं हातातलं यंत्र खडखडतं, मागच्या सीटवर ठेवावे तर ब्रेक मारल्यावर खाली पडतील. म्हणून मी पाकीट समोर, काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवलं. जपून. सारखं नजरेसमोर राहावं म्हणून.

कोरेगाव भीमाला रसवंती दिसली. साखर कारखान्याचा माणूस रसवंतीवर थांबतो तो तहान भागवायला नव्हे, चुका काढायला. एक ग्लास घेतला आणि मालकाला म्हटलं, "ऊस कच्चा आहे तुमचा."

"कच्चा? कुणाला बी इचारा आमच्या रसाचं!"

मी गाडीतून यंत्र आणलं. दोन थेंब टाकले. मालकाला आकडा दाखवला. त्यानं दुसरा ऊस घातला. त्याचाही आकडा काढला. आजूबाजूचे चार लोक जमले, एकानं घरच्या उसाचं कांडं आणलं, त्याचाही आकडा. मला इतका मान कारखान्यात कधी मिळाला नव्हता. तासभर मी गोडव्यावर व्याख्यान दिलं आणि तासभर काचा बंद केलेली माझी गाडी उन्हात उभी होती.

परत आलो तेव्हा पाकीट ओलं दिसलं. पाणी सांडलं असं वाटलं. बोट लावलं. मेण. पाकिटाच्या कोपऱ्यातून बाहेर येऊन डॅशबोर्डवर पळीभर पसरलेलं. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. बंद गाडीचा डॅशबोर्ड एप्रिलमधे त्याच्या पुढं जातो हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढं मी जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. पाकीट घेऊन रसवंतीवाल्याच्या बर्फाच्या पेटीत घातलं. तो ओरडला, "ओ सायेब, काय घालताय बर्फात?" मी म्हणालो, "औषध." मेण गोठलं, पण वाकडंतिकडं, आणि पाकीट भिजून त्यावरचं नाव पुसलं. हॉस्पिटलच्या तपासणी खिडकीवर मी ते ठेवलं तेव्हा आतल्या बाईंनी उचलून पाहिलं. "हे काय आणलंय? मेणबत्ती?"

"शिरूरहून असंच दिलं," मी म्हणालो. तिथल्या त्या बिचाऱ्या लॅबवर मी सरळ खापर फोडलं.

त्यांनी एक ठोकळा नखानं खरवडला. "तुकडा आहे आत. दुसऱ्यातला निसटलाय जागेवरून. प्लॅस्टिकच्या चौकटीवरचे नंबर शाबूत आहेत म्हणून बरं. नवीन मेणात बसवावं लागेल, मग काप काढता येतील. तुकड्याला काय झालंय ते बघूनच सांगू."

"किती दिवस?"

"सांगू म्हटलं ना."

बाहेरच्या बाकावर मी बसलो आणि पहिल्यांदा कळलं, आप्पा का बसत नसतील. बसलं की काय केलं ते समोर येतं. मी उठून चालायला लागलो.

ठरलेली तारीख गेली. आप्पांना मी फोनवर सांगितलं, "हॉस्पिटलचं मशीन बिघडलंय." एका चुकीवर मी तीनदा खोटं बोललो होतो, आणि त्यातल्या दोनदा दोष दुसऱ्याचा. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. तुकडा नीट वाचता आला होता, आजार तोच होता. बाईंनी नवी तारीख दिली. मी सुटलो असं वाटून आप्पांना फोन केला, तर काकूंनी उचलला. रडवेला आवाज. "ह्ये येत न्हाई म्हनत्यात. तुम्हीच या बाबा."

खुटबावला गेलो तर आप्पा घराच्या मागं पाटाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होते. मी त्यांच्याबरोबर चालू लागलो, दुसरा इलाज नव्हता.

"तारीख हुकली सायेब. ती का हुकली, ह्येच मनाला लागून ऱ्हायलंय. ह्या आठ दिसांत मी लई इचार केला."

"मशीनचं होतं हो आप्पा."

"मशीनचं सोडा." ते थांबले. "बाई म्हनल्या, सा हायती. फिलिममधी सा हायती. पर फिलिममधी न दिसल्यालं? पॅनला काच हाय, आपुन कांडी घालून बघतो. छातीला काय हाय? कापल्यावर बी मागं बारीक ऱ्हायलं तर मंग कशापायी कापायचं?"

"हे तुम्ही त्यांनाच विचारा."

"डाक्टरला असं इचारायचं असतं व्हय?"

"मला विचारायचात ना, मी साहेब असून."

"तुमचं येगळं," आप्पा म्हणाले. "तुम्हाला काय दिसत न्हाई हे मला ठाव हाय."

पण गाडीत बसले. म्हणजे पुढच्या सीटवर टेकले, डॅशबोर्डला दोन्ही हात लावून. पुण्यात शिरताना एका सिग्नलला त्यांची बोटं थांबली. पुन्हा चोळली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी चाकूनं खरवडून, ओल्या फडक्यानं पुसूनही तिथं मेणाचा एक पातळ थर राहिला होता. आप्पांनी अंगठ्याच्या नखानं त्याची कपची काढली, दोन बोटांत फिरवली, उजेडाकडे धरली. मी हॉर्न वाजवला. पुढं कुणी नव्हतं.

आप्पांनी कपची खिडकीबाहेर टाकली.

बाईंच्या खोलीत ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि पाटावरचा तोच प्रश्न विचारला. मला वाटलं बाई रागावतील. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "म्हणूनच मी तुमची छाती थोडी मोठी उघडणार आहे, नुसत्या कॅमेऱ्यानं करणार नाही. भूल देणारे डॉक्टर त्या बाजूच्या फुप्फुसातली हवा काढतात. ते मऊ पडतं, स्पंजसारखं. मग मी ते कडेपासून मुळापर्यंत असं बोटांत धरून चाचपते." बाई अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत होत्या. "स्कॅनमधे न दिसलेला कण बोटाला लागतो. नेहमी नाही. पण लागतो."

आप्पा त्यांच्या हातांकडे पाहत होते. नखं पार मुळापाशी कापलेली.

"किती सालं करताय?"

"पंधरा."

"कवा येऊ?" आप्पा म्हणाले.

बाहेर आल्यावर काकूंना म्हणाले, "बोटावर जाती ही बाई. आपल्यातली हाय."

उजव्या बाजूला चार होते, पाच निघाले. पाचवा ज्वारीच्या दाण्याएवढा. बाईंनी अतिदक्षता विभागाच्या दाराशी येऊन काकूंना सांगितलं, तेव्हा अंगठा आणि बोट चोळतच सांगितलं. मी ते आप्पांना शुद्धीवर आल्यावर सांगितलं. छातीत नळी, नाकात नळी, आवाज गेलेला. ओठ हलले. मी कान नेला. "बघा," ते म्हणत होते. "यंत्रात न्हवता."

त्या छातीच्या नळीचं दुसरं टोक पलंगाखाली पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं. छातीत साचलेली हवा त्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडते. बुडबुडे थांबले की फुप्फुस भरून आलं. रोग्यानं ती बाटली हातात धरून चालावं असा नियम असतो आणि बहुतेकांना बाबापुता करून चालवावं लागतं. आप्पांना थांबवावं लागलं. बाटली बादलीसारखी धरून हा माणूस वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि नजर सतत बाटलीत. जन्मभर उकळत्या पाकाचे बुडबुडे वाचलेला माणूस! तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला थांबवलं. "सिस्टर, सकाळी बारीक येत हुतं, आता थोराड येतंय. खोकल्यावरच येत हुतं, आता बोलताना बी येतंय." नर्सनं नोंद केली, बाईंना बोलावलं. नळी एका जोडापाशी सैल झाली होती. बाईंनी जोड घट्ट केला आणि म्हणाल्या, "आप्पा, नोकरी करता का इथं?"

"स्टूल न्हाई ना ठिवलं?" आप्पांनी विचारलं.

श्वासाच्या व्यायामाचं एक प्लॅस्टिकचं खेळणं देतात. तीन नळ्या, तीन गोळ्या. श्वास ओढला की गोळ्या वर जातात. आप्पांची दुसरी गोळी अडायची आणि ते हिरमुसायचे. त्यांना धीर यावा म्हणून मी म्हणालो, "अहो, सोपं आहे, हे बघा," आणि एक नवं कोरं घेऊन ओढलं. पहिली गोळी वर गेली. दुसरी हलली. मग मला जो ठसका लागला त्यानं शेजारच्या पलंगावरचा रोगी उठून बसला. रोजच्या आठ सिगारेटी. आप्पांनी छातीवर उशी दाबून, टाके सांभाळत, जितकं हसता येईल तितकं हसून घेतलं. "सायेब, तुमचं बी आपरेशन टाकू का बाईंकडं?" त्या दिवशी संध्याकाळी त्यांची तिसरी गोळी वर गेली. मी सिगारेट सोडली. तीनदा.

दीड महिन्यानं डावी बाजू. स्ट्रेचर ऑपरेशनच्या दाराशी आलं, काकू मागं राहिल्या, मी बाजूनं चालत होतो. तेवढ्यात मनात आलं, हा माणूस परत आला नाही तर? मी वाकलो आणि एका दमात बोललो, "आप्पा, मशीन बिघडलं नव्हतं. मेणाचा ठोकळा मी उन्हात ठेवला. कोरेगावला. रसवंतीवर. तारीख माझ्यामुळं हुकली."

स्ट्रेचर ढकलणारा थांबला. आप्पांनी डोक्याची हिरवी टोपी वर सारली.

"आत्ता सांगताय? आत जाताना?"

"हो."

"ठाव हाय मला. त्या सिग्नललाच कळलं. मेण हुतं. आन् मेण गाडीत कशाला आसंल?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तवा तुम्ही गाडी चालवत हुता." मग डोळे मिटून म्हणाले, "चला रे आत. ह्ये सायेब लई येळ घेत्यात."

डावीकडचे दोन निघाले. तिसरा लागला नाही. बाईंनी सांगितलं, पुरा हात फिरवला.

दोन हंगाम आप्पा पॅनवर उभे राहिले. जिना चढताना मधे एकदा थांबायचे, कठडा तपासतोय असं दाखवत. दर तीन-चार महिन्यांनी दौंडहून पुण्याला स्कॅन. मी गाडी नेतो म्हणायचो, ते म्हणायचे, "नगं. तुमच्या गाडीत वितळायचो." ट्रेननं जायचे. सुट्टी असली की मी जंक्शनवर सोडायला जायचो. प्लॅटफॉर्मवर सगळी माणसं बाकांवर आणि आप्पा कडेनं फेऱ्या घालत, काखेत जुन्या फिल्मांची पिशवी. परत आले की माझ्यासमोर नवी फिल्म धरायचे. "बघा सायेब. काय दिसतंय?" मी म्हणायचो, "स्वच्छ." ते म्हणायचे, "व्हय." पण वेगळ्या सुरात.

मग एका दिवाळीनंतर ते फिल्म दाखवायला आले नाहीत. मीच घरी गेलो. काकूंनी सांगितलं. नवे तीन आले होते. दोन कडेला होते, पण एक मधोमध, फुप्फुसाच्या मुळापाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून. बाईंनी त्यांना समोर बसवून, म्हणजे उभं करूनच, सांगितलं होतं, "आप्पा, तिथवर बोट जातं. सुरी जात नाही. कापायला गेले तर फुप्फुसच जाईल, आणि तेवढ्या एकावर तुमचं भागणार नाही." गोळ्या लिहून दिल्या होत्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय न्हाई. बाईंना म्हनलं, खरं बोलला ते बरं केलं."

गळीत सुरू होऊन महिना झाला होता. एका दुपारी मी पॅनच्या मजल्यावर होतो, आणि लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. एक, दोन, मग गप्प. पुन्हा एक, दोन. मी खाली धावणार तेवढ्यात आवाज आला, "येऊ नगा. येतोय मी." चार ठिकाणी थांबून आप्पा वर आले. शर्ट अंगावर टांगलेला. पॅनवर त्या दिवशी नवा पॅनमन होता, तो बाजूला झाला. आप्पांनी कांडी घातली, आपल्या खिशातल्या पट्टीवर पाक पसरला, दिव्यासमोर धरला. चोळला. मग इकडं तिकडं पाहिलं आणि कोपऱ्यातलं ते लोखंडी स्टूल पायानं ओढून त्यावर बसले.

यंत्रांचा आवाज तेवढा चालू होता.

बसूनच त्यांनी पट्टी माझ्यापुढं केली. "बघा सायेब. काय दिसतंय?"

सवयीनं तोंडात आलं, चांगला आहे. आलेलं मी गिळलं. पट्टी घेतली, दिव्याखाली गेलो, तिरकी केली. दाणे दिसले, चौकोनी, चकचकीत, नेहमीचे. डोळा बारीक केला. त्यांच्या मधल्या जागेत काहीतरी होतं. धूळ. नाही, धूळ नाही. पाक बोटांत घेतला. खरे दाणे टोचले, आणि त्यांच्या मागून पिठासारखं काहीतरी बोटावरून गेलं.

"खोटा दाणा आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता का कोण जाणे.

"किती?"

"थोडा. आत्ताच आलाय."

"मंग? पाणी कोन मारनार? मी?"

मी व्हॉल्व्हकडे गेलो. चाक फिरवलं. पॅनच्या पोटात पाणी शिरल्याचा सुस्कारा आला. काचेतून आत पाहत राहिलो, उकळी जरा बसली, पाक सैल झाला, पुन्हा उसळायला लागला. पाच मिनिटं. सात. कांडी घातली, पट्टी भरली, उजेडात धरली. मधल्या जागा स्वच्छ होत्या.

"आप्पा, गेला!" मी पट्टी घेऊन वळलो.

स्टूल रिकामं होतं. खाली जिन्यावर पावलं वाजत होती. एक, दोन, गप्प. एक, दोन. कठड्यावरून वाकलो तर त्यांचं डोकं दिसलं, टक्कल, घामानं ओलं. वर न पाहता त्यांनी एक हात हलवला, ठीक हाय अशा अर्थानं, आणि उसाच्या गाड्यांच्या गर्दीतून फाटकाकडे चालू लागले. मधे थांबत होते, पण कुठं टेकले नाहीत.

काचेची पट्टी माझ्याच हातात राहिली होती.